ब्रिटनमध्ये मंत्री एका सहीने कायदा पुसतो?

लालफीत कमी करायची तर ब्रिटनकडे बघा, तिथे मंत्री आदेश काढून थेट कायदाच बदलतो आणि संसद नुसता शिक्का मारते, असा दावा सध्या फिरतोय. त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. २००६ च्या लेजिस्लेटिव्ह अँड रेग्युलेटरी रिफॉर्म कायद्याने मंत्र्यांना तसा अधिकार दिलाय.

मग कुठलाही कायदा? नाही. कलम ३ मध्ये सहा अटी आहेत. गरजेचं संरक्षण काढता येत नाही, घटनात्मक महत्त्वाच्या तरतुदीला हात लावता येत नाही, वगैरे. नवा कर लावता येत नाही आणि १९९८ च्या मानवी हक्क कायद्यात तर फेरफारच वर्ज्य. उदाहरणार्थ, या अधिकाराखालच्या २०१४ च्या आदेशाने ठरावीक ठिकाणच्या लाइव्ह संगीताची विनापरवाना मर्यादा २०० प्रेक्षकांवरून ५०० केली, पण सकाळी ८ ते रात्री ११ ही वेळ कायम ठेवली.

संसद शिक्का मारते? इथे दावा पार कोसळतो. आधी बाधितांशी सल्लामसलत. त्यातून प्रस्ताव बदलला तर गरजेप्रमाणे पुन्हा. मग मसुदा आणि स्पष्टीकरण दोन्ही सभागृहांपुढे. 'निगेटिव्ह' (४० दिवस, नकार नाही म्हणजे होकार), 'अफर्मेटिव्ह' (४० दिवस आणि दोन्हीकडे मंजुरीचा ठराव) की 'सुपर-अफर्मेटिव्ह' (६० दिवस), यातली कुठली पद्धत लावायची हे मंत्री सुचवतो खरा. पण ३० दिवसांत कुठल्याही सभागृहाची समिती वरची, म्हणजे जास्त कडक पद्धत मागू शकते. सभागृहाने ठरावाने फेटाळलं नाही, तर मंत्र्याला ते मानावंच लागतं. पहिल्या दोन पद्धतींत ३० व्या दिवसानंतर, ४० दिवस संपण्याआधी समितीने 'आदेश काढू नका' म्हटलं, तरी हाच नियम. सुपर-अफर्मेटिव्हमध्ये शिफारशी विचारात घेऊन मसुदा सुधारताही येतो.

कमकुवत दुवा 'निगेटिव्ह'चाच: तिथे कुणी बोललं नाही तर मसुदा तसाच मंजूर होऊन जातो.

झटपट? चार दिवसांहून लांब सुट्टी मोजणीत धरत नाहीत. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर ठेवलेल्या मसुद्याचे ६० दिवस भरायला नोव्हेंबरही उजाडू शकतो. मंत्री हा रस्ता फारसा धरत नाहीत, ते उगीच नाही.

'आपल्याकडेही आणा' म्हणणाऱ्यांनी हे बघावं: आपल्याकडे कायद्याखाली सरकारने केलेला नियम सहसा आधी लागू होतो, मग ३० दिवस संसदेच्या पटलावर राहतो, आणि पुढे रद्द झाला तरी तोवर केलेली कारवाई वैध राहते. त्यावर मूळ कायदा बदलायचा अधिकार चढवायचा आणि समितीचा नकार मात्र ब्रिटनमध्येच ठेवायचा, ही मागणी ब्रिटिश पद्धतीची नव्हे.