'छप्परफाड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ढीग वर लावायचा की माल गाडीत टाकायचा?

'छप्परफाड' यांस,

जुन्या छपराचा राडारोडा झटपट कसा हलवावा या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छप्पर एकेक पट्टा करून उकलावं आणि उकललेला माल लगेच खाली गाडीत जावा, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हे पुस्तकी आहे. आधी सगळं छप्पर मोकळं करायचं, माल वरच ढिगाने लावायचा आणि दुपारनंतर सगळ्यांनी मिळून एकदम खाली टाकायचा, की काम निम्म्या वेळात होतं. शिवाय माल वरून गाडीत सोडायची नळी म्हणजे देखावा, पडलेले खिळे उचलायला चुंबक फिरवणं फोटोपुरतं, आणि चांगली कौलं व त्यांच्याखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, वेगळ्या काढण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, 'लेखकाने आयुष्यात कधी घमेलं उचललेलं दिसत नाही.'

कामाच्या पद्धतीवरून वाद घाला, मला आवडतो. या धंद्यात दोन मुकादम एका छपरावर उभे राहिले की तीन मतं निघतात. पण ज्याला पाहिलेलंही नाही त्याच्या हातांवरून निकाल द्यायचा, तोही टोपणनावाआडून, याला टीका म्हणत नाहीत. तुमच्या हाताखालच्या पोरांशीही असंच बोलता का, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारत नाही.

घमेल्याचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. माझ्या वडिलांचं कामच छपरांचं होतं. शाळेला सुट्टी लागली की ते मला कामावर नेत, पण वर चढू देत नसत. माझं काम एकच, खाली पडलेले खिळे वेचून डब्यात टाकायचे. डांबरी शिंगलचा, म्हणजे छपरावर एकावर एक ठोकतात त्या डांबराच्या चपट्या तुकड्यांचा, खिळा तुम्ही बघितला असेलच, निदान बघितला असावा. दांडा आखूड आणि माथा चांगला रुंद, त्यामुळे जमिनीवर पडला की बरेचदा माथ्यावर बसतो आणि टोक थेट आभाळाकडे. रबरी चपलेतून तो आत गेला की चप्पल पायाला टाचली जाते, ओढूनही निघत नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही. पुढे घमेली वाहिली, मग पहार हातात आली, मग माणसं हाताखाली आली. आज माझ्या हाताला घट्टे नाहीत हे खरं, वयाबरोबर काम बदलतं. पण घमेलं उचललं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लेखात शुद्धलेखन बरं आहे म्हणून?

आता तुमच्या 'वरच ढीग लावा'कडे वळतो, कारण तेही मी केलेलं आहे. वडिलांचं काम थांबल्यावर काही काळ दुसऱ्या एका ठेकेदाराकडे होतो. त्यांची रीत अगदी तुमचीच. जुन्या कौलारू घराचं काम होतं. एका उताराची सगळी कौलं काढून दुसऱ्या उतारावर, आढ्यालगत रचली. पलीकडच्या उतारावर फक्त उघडे वाशे. दुपारी सगळे जेवायला खाली उतरले होते आणि आतून एक कोरडा, मोठा आवाज आला. वाशाला गाठीपाशी आरपार चीर गेली होती आणि ढीग तिरका होऊन खालच्या लाकडी छतावर टेकला होता. वर त्या वेळी कोणी नव्हतं, एवढंच नशीब. त्यानंतर तो ढीग उपसायला वर जायची कोणाची छाती होईना. सगळ्या वाश्यांना खालून टेकू दिले, मग आतून एकेक कौल काढलं. तुमचा वाचलेला निम्मा वेळ तिथे व्याजासकट गेला.

यात नशिबाचा भाग नाही, वजनाचा आहे. डांबरी शिंगलचा एक थर चौरस मीटरला साधारण 10 ते 15 किलो भरतो. जुन्या घरांवर कित्येकदा खालचा थर न काढताच वर दुसरा ठोकलेला असतो, तिथे दुप्पट धरा. मातीच्या कौलांचं वजन 40 किलोंच्या आसपास आणि त्याच्या वरही जातं. म्हणजे 100 चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून चार टन माल निघतो. पसरलेला असतो तेव्हा तो वाशांना जड नसतो, त्यासाठीच ते बसवलेले असतात. पण माणसांच्या वावराचं आणि दुरुस्तीचं म्हणून छपराच्या हिशेबात जे वरचं वजन धरतात, ते सहसा चौरस मीटरला 100 किलोंच्या आतबाहेर असतं. फुटक्या कौलांचा गुडघाभर ढीग चौरस मीटरला सहज चार-पाचशे किलो होतो. तो ढीग ज्या लाकडावर उभा आहे ते किती वर्षं पाणी प्यायलंय, कुठे वाळवीने पोखरलंय, हे तर सगळं उकलल्याशिवाय कळतच नाही. त्यात एकच उतार रिकामा करून दुसऱ्यावर भार टाकला की दोन्हीकडचा तोल जातो. म्हणून लेखात 'दोन्ही उतार बरोबरीने उकला' असं लिहिलं होतं. त्या ओळीवर तुमचं काहीच म्हणणं नाही, तेव्हा लेख तिथपर्यंत वाचला नसावा असं धरून चालतो.

निम्म्या वेळाचाही हिशेब लावू. ढीग पद्धतीत कौलाला हात किती वेळा लागतो? काढताना एकदा, ढिगात रचताना दुसऱ्यांदा, ढिगातून उचलताना तिसऱ्यांदा, आणि जमिनीवर फेकलं असेल तर गाडीत भरताना चौथ्यांदा. पट्ट्याच्या पद्धतीत काढणारा कडेच्या माणसाकडे देतो आणि कडेचा थेट गाडीत सोडतो. सुरुवात गाडीपासून लांबच्या टोकाला, वरून खाली, सरकत सरकत गाडीकडे, म्हणजे साफ झालेल्या भागातून पुन्हा माल ओढावा लागत नाही. तुम्ही घड्याळ लावता ते दुपारी फेकाफेक सुरू झाल्यावर. सकाळपासून ढीग रचण्यात गेलेला वेळ तुमच्या मोजणीत येतच नाही. आणि सगळं छप्पर उघडं पडलेलं असताना आभाळ भरून आलं तर? संध्याकाळपर्यंत जेवढं झाकता येईल तेवढंच उघडावं, हे कुठलाही जुना कारागीर सांगेल. ताडपत्री आहे म्हणाल, तर ती ढिगाच्या खाली अडकलेली असते.

'एकदम खाली टाकतो' हेही तुम्ही किती सहज लिहिलंत. सहा मीटरवरून सुटलेलं कौल साधारण 1.1 सेकंदात जमिनीवर येतं, आणि येताना त्याचा वेग ताशी 39 किलोमीटरच्या घरात असतो. तेवढ्या वेळात 'बाजूला व्हा' हे शब्दही पुरे होत नाहीत. अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांत तर 20 फुटांपेक्षा जास्त उंचीवरून भिंतीच्या बाहेर माल टाकायचा असेल तर बंद नळी हवीच, असं स्पष्ट आहे. तो नियम करणाऱ्यांनीही घमेलं उचललं नसेल, असं तुमचं म्हणणं असू शकतं.

नळीबद्दल मात्र एक मान्य करतो. तळमजल्याच्या ठेंगण्या घराला नळी बांधत बसणं म्हणजे उगाच वेळ दवडणं. तिथे गाडी कडेला लावून फळीवरून घसरवलं तरी पुरतं. लेखात मी उंचीचा उल्लेख करायला हवा होता. लांब वासे-रिपाही नळीत घालू नयेत, मधे आडव्या बसल्या की त्या काढण्यात तास जातो. झालं समाधान?

चुंबकाचं एका वाक्यात संपवतो. तो गवतावरून एकदा उभा आणि एकदा आडवा फिरवला, तोही काम सुरू व्हायच्या आधी गवत कापून घेतलेलं असेल, तरच उपयोगाचा आहे. तांब्याचे खिळे आणि ॲल्युमिनियमचे रिव्हेट तो उचलत नाही, ते डोळ्यांनीच शोधायचे. यात फोटोचा संबंध कुठे आला ते मला कळलं नाही.

चांगली कौलं आणि रिपा वेगळ्या काढण्याचा मुद्दा तुम्ही चार ओळींत मांडलाय. तो वेगळा विषय आहे, लेख राडारोडा हलवण्याबद्दल होता. सगळंच एका लेखात यावं असा आग्रह असेल तर तुम्हीच लिहा, मी आवडीने वाचेन.

राहिला तुमचा तो जाता जाता दिलेला सल्ला, की सिमेंटचे जुने पत्रे वरच फोडून टाकले तर गाडीत कमी जागा लागते. इथे मात्र मी चेष्टा करत नाही. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं, साधारण दहा-पंधरा टक्के. पत्रा अखंड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात, फोडला की हवेत जातात. त्यातून होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग 20 ते 50 वर्षांनी डोकं वर काढतो, तोवर ते काम कोणाच्या लक्षातही नसतं. पत्रे पाणी मारून ओले करायचे, बोल्ट कापून अखंड उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. नळीत नाही, ढिगात नाही, आणि झाडूने कोरडं झाडायचंही नाही. तुमच्या प्रतिक्रियेतली ती ओळ मी काढून टाकली आहे. अभिव्यक्तीची गळचेपी वगैरे म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती पुन्हा लिहिलीत तर पुन्हा काढीन.

बाकी उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या. या वेळी छपराची लांबी-रुंदी, उतार, वर काय होतं आणि माणसं किती होती एवढं लिहा, म्हणजे माझ्या हातांऐवजी तुमच्या निम्म्या वेळावर बोलता येईल.