फॉइलमधला बटाटा आणि रुईचं पान

‘जागे व्हा! शेकोटीवर फॉइलमध्ये शिजवलेलं अन्न म्हणजे मंद विष!’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आतापर्यंत चारदा येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: ॲल्युमिनियमनं स्मरणशक्ती जाते, फॉइलची चकचकीत बाजू जास्त विषारी, इंग्रज याच कारणासाठी आपल्या कैद्यांना ॲल्युमिनियमच्या भांड्यांत जेवू घालत, आणि शेवटी उपाय, ‘जंगलातलं कोणतंही रुंद पान वापरा, निसर्ग कधी फसवत नाही.’

चारही वेळा मी गप्प बसलो. गेल्या महिन्यात पवनेच्या काठी तंबू टाकले होते, तिथं मात्र हद्द झाली. मी बटाटे, कांदा, पनीर चिरून फॉइलची पुडकी बांधत होतो, आणि आतेभाऊ वाटेकडेची पानं तोडून घेऊन आला. मोठी, जाड, पांढुरकी लव असलेली. रुई! देठांतून दूध ठिबकतंय, बोटं चिकट झालीयत, आणि धुरानं चुरचुरणारा डोळा चोळायला तोच हात वर चाललाय. मी मनगटच धरलं. वर हा मलाच विचारतो, “का रे, मेसेजमध्ये तर कोणतंही पान म्हटलंय!”

रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पोटात गेला तर त्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात म्हणून ती आपल्या जेवणात आणायची नसतात. पानात शिजवायला माझा विरोध नाही. केळीचं पान आहे, पातोळ्यांना हळदीचं आहे. अलिबागकडे पोपटी लावतात, म्हणजे वालाच्या शेंगा वगैरे मडक्यात घालून जाळावर भाजतात, तेव्हा त्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला भरतात, कारण तो चालतो हे तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दिसला पाला की कोंब मडक्यात, असं तिथं कुणी करत नाही. ‘कोणतंही’ हा शब्द लिहिणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी रान बघितलंय का, देव जाणे.

इंग्रजांचं काय? पुरावा शून्य. मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टननं १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली, ती इथल्या कारागिरांना नवा धंदा मिळावा म्हणून. पुढे तीच भांडी आपल्या आज्यांनी हौसेनं घेतली. कट होता म्हणायचं तर त्यात आज्याही सामील होत्या.

चकचकीत बाजूची गोष्ट तर दोन ओळींची. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांतून काढतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना चिकटलेली मंद राहते. धातू तोच. कुठलीही बाजू आत घ्या.

राहिली स्मरणशक्ती. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचा क्षार टोचला होता, तिथून ही शंका निघाली. पुढे १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातून शरीरात गेलेल्या ॲल्युमिनियममुळे रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाला, हेही खरं. पण ते रक्तात गेलं होतं, आणि बाहेर टाकायला मूत्रपिंडं चालत नव्हती. जेवणातून पोटात गेलेल्यापैकी एक टक्कासुद्धा शोषला जात नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये मर्यादा घालून दिली: आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, तेही दर आठवड्याला, जन्मभर. आणि चहाच्या पत्तीतही ॲल्युमिनियम असतंच, तो सोडा म्हणणारा मेसेज अजून आलेला नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य. टोमॅटो, लिंबू, चिंच, भरपूर मीठ असं काही फॉइलमध्ये तापवलं तर धातू जास्त उतरतो. म्हणून मी लिंबू पुडकं उघडल्यावरच पिळतो. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यानं तर जपायलाच हवं.

आणि फॉइलला शिव्याच घालायच्या असतील तर खरं कारण मी देतो. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोला एका हॉटेलात खाऊन तीस जणांना बोट्युलिझम झाला, म्हणजे एका जंतूच्या विषानं स्नायू लुळे पाडणारी, जिवावर बेतू शकणारी विषबाधा. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच गुंडाळलेले बाहेर ठेवले होते, मग त्यांचं डिप केलं. या जंतूचे बीजाणू भाजताना मरत नाहीत, आणि फॉइलच्या आत त्यांना हवं ते सगळं मिळतं: ओल, ऊब, हवेचा अभाव.

हे मेसेजमध्ये नव्हतं. त्यामुळे तोच मेसेज पाठवणाऱ्या आमच्या वहिनीनं रात्री उरलेले चार बटाटे फॉइलसकट पिशवीत ठेवले होते, सकाळच्या भाजीसाठी. ते मी टाकून दिले. त्यावरून अजून बोलणी खातोय.