बिया कचऱ्यात, गोळ्या ओट्यावर

आज एका मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिने माझ्यासमोर भोपळा चिरला, बिया खरवडल्या आणि सरळ कचऱ्यात टाकल्या. त्याच ओट्यावर झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्यांची बाटली. रोज 50 मिलिग्रॅम, केसांसाठी. कुणी लिहून दिल्या? कुणीच नाही. मला पुढे घास उतरेना.

माझ्या आईचं असंच झालं होतं. तिनेही केसांसाठीच दीड वर्ष अशा गोळ्या घेतल्या. आधी थकवा, मग हिमोग्लोबिन उतरलं, मग पायांना मुंग्या. लोह देऊन पाहिलं, ढिम्म फरक नाही. महिनोन्महिने एकानेही विचारलं नाही की बाई, तुम्ही आणखी काय घेता? शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं आणि रक्तातलं तांबं तपासलं. जवळजवळ नव्हतंच! जस्त फार झालं की आतड्याच्या पेशी तांबं अडवून धरतात, रक्तात जाऊच देत नाहीत. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 8 ते 11 मिलिग्रॅम जस्त, वरची मर्यादा 40. आई त्याच्याही वर होती, रोज.

आणि बिया फेकतो आपण! बी म्हणजे रोपाची शिदोरी. मुळं धरेपर्यंत लागणारं सगळं त्यात बांधून दिलेलं असतं. 30 ग्रॅम भोपळ्याच्या बियांत 2 मिलिग्रॅमच्या आसपास जस्त, सोबत तांबं, लोह, मँगनीज. तिळाचंही तसंच. मूठभर काजूत तर दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तांबं. आईला जे औषध म्हणून द्यावं लागलं, तेच.

हो, बियांत फायटेट नावाचं जस्त धरून ठेवणारं द्रव्य असतं, म्हणून सगळं जस्त अंगी लागत नाही. भिजवल्याने फायटेट थोडं कमी होतं. ब्राझील नट मात्र मूठभर खाऊ नका, एकाच दाण्यात दिवसभर पुरेल इतकं सेलेनियम हे खनिज असू शकतं. आणि तपासणीत कमतरता निघाली असेल त्यांनी गोळी घ्यावी, सांगितली तेवढीच.

मैत्रिणीवर राग नाही माझा. आईची पहिली बाटली मीच आणून दिली होती. लेबल वाचलं नव्हतं.

आईचं हिमोग्लोबिन आता ठीक आहे. पायाच्या बोटांना मात्र अजून गार फरशी कळत नाही. मैत्रिणीकडे हे बोलायचं धाडस झालं नाही. आता फोन लावतेय.