अन्याय पाहायला जाताना

सामाजिक नाटकाला निघालात? उत्तम. पण थोडी तयारी करून जा. नाटकवाल्यांचा काही नेम नसतो, बोलता बोलता तुमच्याच सोसायटीत शिरतात.

तिकीट काढण्याआधी अन्यायाचं वय विचारा. निदान सव्वाशे वर्षांचा असावा. मुरलेला अन्याय लोणच्यासारखा असतो, चवीपुरता घेता येतो आणि बाधत नाही. जोतीराव फुल्यांना एवढंही कळलं नाही. 1855 साली, याच पुण्यात, त्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. गरोदर कुणबीण, तिचा भाबडा नवरा आणि ग्रहदशेची भीती घालून दोघांना लुबाडणारा जोशी. सगळा माल ताजा! वर ते नाटक दिलं कुणाला, तर पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीला. कमिटीनं अर्थातच नाकारलं. ते छापून आलं 1979 साली. आता पहा, त्यावर परिसंवाद ठेवला तर आपण पहिल्या रांगेत बसून मान डोलावतो. एकशेचोवीस वर्षं थांबलं की कसं सगळं पचतं.

कधी कधी वय भरपूर असूनही फसगत होते. 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. विषय पेशवाईतला, म्हणजे बिनधोक. पण सत्ताधाऱ्याला मुलगी देऊन कोतवाली मिळवणारा माणूस आणि त्याला हवा तेवढा वापरून गर्दीपुढे टाकणारी सत्ता, हे पेशवाईपुरतं आहे असं वाटेना. अशा वेळी काय करायचं, ते तेव्हाच्या पुणेकरांकडून शिकावं. आशय बोचला की इतिहास पकडायचा. नाना फडणवीस असे नव्हतेच! तेंडुलकर म्हणोत बापडे की हे ऐतिहासिक नाटक नाही. आपण पुरावे मागत राहायचं. नानांच्या चारित्र्यावर वाद रंगला की कोतवाल कोण तयार करतं, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. प्रयोग नाटक करणाऱ्या संस्थेनंच थांबवले, मंडळींना वेगळी संस्था काढून ते पुन्हा सुरू करावे लागले. पुढे नाटक परदेशी गाजलं. तेव्हापासून ते आपलं आहे.

मध्यंतरात बटाटेवडा घ्या. वड्याबद्दल तक्रार जरूर करा, अन्यायाविरुद्ध बोलायची तेवढीच सवय राहते. नंतर चर्चा असेल तर हात वर करून "प्रश्न नाही, निवेदन आहे" म्हणा आणि आजोबांनी 1942 साली काय केलं ते सांगा.

खरी कसोटी वेगळीच असते. 2012 साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं फुल्यांवरचं नाटक 'सत्यशोधक' बसवलं आणि त्यात पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना उभं केलं. हा प्रकार धोक्याचा. नट घरी गेला की संपलं, असं इथे होत नाही. इथला नट सकाळी तुमच्या गल्लीत येतो.

तरीही घाबरू नका. प्रयोग संपताच उभं राहून टाळ्या वाजवा. "किती नैसर्गिक काम करतात हो!" असं म्हणा. "उच्चार मात्र..." हे पार्किंगमध्ये म्हणा. डोळे पुसायचे असतील तर खुशाल पुसा.

आणि सकाळी सहाला फाटकापाशी झाडूवाला ओळखीचा वाटला, तर एकदम ओळख देऊ नका. रात्रीच्या टाळ्यांचा संदर्भ निघाला की कचऱ्याचाही निघतो, आणि तुमचा ओला-सुका अजून एकाच पिशवीत आहे. पिशवी टेकवा आणि वळा. त्यानं पाणी मागितलं तर नाही म्हणू नका, आपण काही त्या काळातले नाही. फ्रीजमधली प्लास्टिकची बाटली द्या. तो पिऊन परत करायला लागला, तर हसून म्हणा, "असू दे, असू दे, ठेवा तुम्हालाच."