‘शमिगा’ लिहिणाऱ्या मुलासाठी

गेल्या मे महिन्यात देवगडला घरी होते. मावसबहिणीचा मुलगा, त्याला इथे बाबू म्हणते, चौथी संपवून पाचवीत जाणार होता. पडवीत बसून त्याने वहीत लिहिलं, ‘शमिगा आला की पालखी नाचते.’ वाच म्हटलं तर धडाधड वाचलं, ‘शिमगा आला की पालखी नाचते.’ आपण काय लिहिलंय हे त्याला दिसतच नव्हतं. मग मी माझा मोबाइल काढला, शब्द सुचवण्याची सोय बंद केली आणि तेच वाक्य त्यावर लिहायला सांगितलं. ‘शिमगा’. अचूक.

मी दोन्हीकडे बघत बसले. कीबोर्डवर आधी ‘श’ दाबायचा, मग वेलांटी. ती ‘श’च्या डावीकडे नेऊन बसवायचं काम मोबाइल करतो. कागदावर मात्र जी खूण नंतर ऐकू येते ती आधी काढावी लागते. बाबू ऐकतो त्या क्रमाने लिहितो. ‘श’ लिहून झाला, मग वेलांटी आठवली, आणि ती पुढच्या ‘म’वर जाऊन बसली. ‘सर्प’चा ‘सप्र’ही अशाच उलटापालटीतून होतो, कारण रफार बोलताना आधी येतो आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. त्याचा कान पक्का आहे. लिपीतली ही उलटापालट त्याला कुणी वेगळी काढून दाखवली नव्हती, आणि इतर मुलांसारखी ती त्याला आपोआप उमगली नाही.

एवढ्यावरून कुणाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, ठरत नाही. पण मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, आणि वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांना शिकवण्याचं पदव्युत्तर प्रशिक्षण मी नोकरी करता करता पूर्ण केलं आहे, त्यामुळे पुढे काय बघायचं हे मला ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वर्गात सगळ्या मुलांची एक छोटी चाचणी होते. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० निरर्थक, कारण असा शब्द पाठ असूच शकत नाही. तो अक्षर-अक्षर फोडूनच वाचावा लागतो. मी बाबूला ‘लिपटु’, ‘मेरका’, ‘गुणशी’ असे शब्द लिहून दिले. चौथीचं पुस्तक घडाघडा वाचणारा मुलगा ‘लिपटु’वर थांबला. ‘लपिट?’ म्हणाला. मग ‘लपेट?’ मग माझ्या तोंडाकडे बघायला लागला. सगळं पुस्तक त्याला पाठ होतं. गणपतीत सगळ्या आरत्या न अडखळता म्हणणारा मुलगा, चार वर्षं त्याने पाठांतराच्या जोरावर काढली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आमचे अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक, झोपाळ्यावर बसून हे ऐकत होते. म्हणाले, “गो बाय, झिल हुशार आसा, पण आळशी. दोन रट्टे दिल्यार सुधारतलो.” अण्णांनी पस्तीस वर्षं मुलं घडवली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एका शब्दासाठी घाम फुटलेल्या मुलाला आळशी म्हणणं मला सहन होत नाही.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते घरच्या ग्रुपवरच्या वादामुळे. आमच्या घरात शिक्षक खूप. २०२४ च्या शेवटी राज्यात दिव्यांग मुलांसाठी ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांचा निर्णय झाला, म्हणजे प्रत्येक केंद्राला (जवळपासच्या शाळांच्या गटाला) एक, तेव्हापासून तो थांबलेला नाही. एक बाजू म्हणते, शाळांना पट नाही, दोन शिक्षकांवर चार वर्ग चालतात, आधी तिथे माणसं द्या. दुसरी म्हणते, कोकणाला याची गरजच काय? कोकण मंडळ दहावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिलं येतं, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. तिसरी बाजू तरुण शिक्षकांची. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने नोकरीतल्या शिक्षकांवरही टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, टांगती तलवार आली, ऑनलाइन माहित्या भरून डोळे गेले, आता हे नवीन प्रशिक्षण नको. आणि मला ठरलेलं उत्तर, “तुमच्या तिकडे ठीक आहे गो.”

तिकडे सगळं ठीक नाही, हे आधी सांगते. इंग्लंडमध्ये डिस्लेक्सियाची तपासणी सरकारी आरोग्य सेवेत होत नाही. आईबापांनी स्वतः करून घ्यायची तर पाचशे पौंडांच्या पुढे खर्च येतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या मुलाच्या हातात जाडजूड अहवाल असतो, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या, तितक्याच अडलेल्या मुलाकडे काही नसतं. गरज मोठी असलेल्या मुलांसाठी तिथली स्थानिक परिषद कायदेशीर आराखडा करून देते, त्याला २० आठवड्यांची मुदत आहे. २०२४ मध्ये निम्म्याहून जास्त मुलांच्या बाबतीत ती पाळली गेली नाही. रडणाऱ्या आया मी तिथेही पाहिल्या आहेत.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली, देशाच्या कायद्याच्या वीस वर्षं आधी. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती २१ प्रकारांत आली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा चाचणीसंच काढला, तो मराठीतही आहे, आणि त्यातला प्राथमिक चाळणीचा भाग वर्गशिक्षकाने वापरायचा आहे. देवगडमध्ये मी ज्या शिक्षकांना विचारलं त्यांतल्या एकानेही त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

मग फरक कशात आहे? माझ्या मते एकाच गोष्टीत, आणि ती गोष्ट आपल्या वादात येतच नाही. इंग्लंडमध्ये योग्य पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका स्वतः मुलाला तपासू शकते आणि डिस्लेक्सिया आहे की नाही हे लिहून देऊ शकते. त्यासाठी तिला एक प्रमाणपत्र टिकवावं लागतं, दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं. परीक्षेत २५ टक्के जादा वेळ मिळावा म्हणून मुलाला तपासणारी व्यक्तीही पदव्युत्तर पातळीवर शिकलेली लागते, आणि त्या शिक्षणात निदान १०० तास निव्वळ तपासणीच्या कामाचे असावे लागतात. अशी व्यक्ती पुष्कळदा शाळेतच असते, म्हणून मुलाला गाव सोडावं लागत नाही. २००९ मध्ये सर जिम रोझ यांनी सरकारला डिस्लेक्सियाबद्दल अहवाल दिला, त्यानंतर असे ४,००० शिक्षक तयार करण्यासाठी पैसे बाजूला काढले गेले. माझ्या शाळेत ज्या बाईंनी मला या वाटेला लावलं, त्या त्यानंतरच्या वर्षांत शिकलेल्या.

आपल्याकडे सगळी भिस्त दवाखान्याच्या कागदावर. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतरच होतं, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होती. बहीण दिवाळीत बाबूला घेऊन तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला गेली. मग नाताळात पुन्हा, मग जानेवारीत शाळा बुडवून. कामाचे दिवस गेले, विरारच्या दिराकडे मुक्काम झाले. शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यातून इंग्रजीत अकरा पानं हातात आली. ती तिने मला फोटो काढून पाठवली. दहा पानं आकडे, आणि अकराव्या पानावर एक ओळ: उपचारात्मक अध्यापन द्यावे. कुणी द्यावे? आख्ख्या तालुक्यात ते शिकलेलं माणूस तिला सापडलं नाही. सवलतीचा कागद दहावीला उपयोगी पडेल, पण त्या कागदाने वाचायला येत नाही.

दोन दिवसांच्या कार्यशाळेनेही येत नाही. मी असल्या कार्यशाळांना बसले आहे. लक्षणांची यादी सांगतात, थोर माणसांची नावं सांगतात, चहा-बिस्कीट होतं. पदव्युत्तर प्रशिक्षणात मला नेमकं काय मिळालं, तर एक मूल. वर्षभर एकाच मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा शिकवायचं, प्रत्येक पाठ लिहून काढायचा, आणि त्यांतले काही पाठ चित्रित करून मार्गदर्शक बाईंना दाखवायचे. माझ्या पहिल्याच चित्रफितीत त्यांनी सुरुवातीलाच थांबवलं आणि घड्याळ लावलं. मी प्रश्न विचारून अडीच सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं होतं. मुलाने तोंड उघडलेलं दिसत होतं. “तो येत होता,” एवढंच म्हणाल्या. तेव्हा मला शिकवायला लागून नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत किती मुलांच्या तोंडातली उत्तरं मी काढून घेतली असतील, हे त्या रात्री मनातून जाईना. वाचनाचा सिद्धान्त पुस्तकातून शिकता येतो. ही चूक दाखवायला बाजूला कुणीतरी बसावं लागतं.

अण्णांना निकालाचा अभिमान आहे आणि तो असावाच. कोकणातल्या शिक्षकांनी तो घाम गाळून मिळवलाय. पण ९८.८२ टक्के हा आकडा दहावीला बसलेल्या मुलांचा. जो मुलगा नववीत कंटाळून ट्रॉलरवर गेला तो त्यात नाही. आणि बाबूसारखा पाठ करून पस्तीस मिळवणारा त्यात असूनही त्याला वाचता येत नाही. पाचवीत आणि आठवीत पुन्हा परीक्षा आली आहे, फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसायचं. शिकवण्याची पद्धत तीच राहिली तर वर्ष पुन्हा करून त्या मुलाचं काय होणार?

२०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा केवढा गदारोळ झाला. निर्णय शेवटी २९ जूनला मागे घेतला, मला बरं वाटलं. पण त्या अडीच महिन्यांत जे मूल मराठीच्या वेलांटीवर अडलंय त्याच्यावर तिसऱ्या भाषेचं ओझं काय असेल, हा प्रश्न मी क्वचितच ऐकला.

म्हणून माझं म्हणणं असं. केंद्राला एक विशेष शिक्षक ही पदं हवीतच, पण त्यासोबत जिल्ह्यातच एक पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा. मुंबईत एसएनडीटीमध्ये विशेष शिक्षणाचा विभाग आहे, पण दोन लहान मुलं आणि सासूबाई घरी असलेली देवगडची शिक्षिका नोकरी सोडून जुहूला कशी राहणार? रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गनगरीत डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे, विद्यापीठाशी हात मिळवून तिथे शनिवारी वर्ग होऊ शकतात. प्रत्येकीला एक मूल, वर्षभर, आणि पाठ बघायला येणारी मार्गदर्शक. त्या वर्षात तिला ऑनलाइन माहित्या आणि सर्वेक्षणं यांतून लेखी मोकळीक द्यायची, नाहीतर तरुण शिक्षक म्हणतात तेच खरं होईल. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार डॉक्टरांकडे राहू दे, माझा हट्ट नाही. पण मूल ओळखणं आणि शिकवायला लागणं आठव्या वर्षापर्यंत थांबू नये. पहिलीत सुरू झालेली मदत पाचवीतल्या मदतीपेक्षा सोपी असते, हे मी रोज बघते.

आणि हा अभ्यासक्रम मराठीत, मराठी लिपीसाठी बांधलेला हवा. इंग्लंडमध्ये आम्ही मुलांसमोर लाकडी अक्षरांची कमान मांडतो, २६ अक्षरं, ए पासून झेड पर्यंत. मराठीची कमान कशी मांडणार? व्यंजनं वेगळी, स्वरचिन्हं वेगळी, ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बसतात, आणि जोडाक्षरांचं तर राज्यच निराळं. इंग्रजीत अक्षरांची तोंडओळख लवकर संपते, आपल्याकडे ती चौथी-पाचवीपर्यंत चालते. बोलीचंही बघायला हवं. उरण-अलिबागकडचं आगरी-कोळी पोर ‘पानी’ आणि ‘डोला’ लिहितं ते घरी तसं बोलतात म्हणून. त्याला अध्ययन अक्षमतेच्या रांगेत उभं करणारी चाचणी कामाची नाही. हे ओळखायला मालवणी, आगरी, संगमेश्वरी कानावर असलेली शिक्षिकाच लागते.

त्या मे महिन्यात मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून व्यंजनांची कार्डं केली. शर्टाच्या वेष्टनातलं पारदर्शक प्लास्टिक कापून त्यावर मार्करने वेलांट्या, उकार, मात्रा काढल्या. बाबूने ‘श’ ठेवला, ‘शि’ म्हणाला, आणि वेलांटीची पट्टी उजवीकडून उचलून ‘श’च्या डोक्यावरून डावीकडे नेली. पुन्हा. पुन्हा. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. आठव्या दिवशी त्याने पट्टी न घेता हवेत बोट फिरवलं आणि वहीत आधी वेलांटी काढली.

मी परत आल्यावर त्याच्या शाळेतल्या बाईंनी कार्डं मागून घेतली. तीन शिक्षकांची शाळा, तरी मधल्या सुट्टीत त्या बाबूला आणि आणखी दोघांना घेऊन बसतात. दर रविवारी मला वहीच्या पानांचे फोटो येतात. गेल्या रविवारी फोटोंखाली प्रश्न होता: “ताई, वेलांटी बरीच बसली. आता आधी रफार घेऊ की अर्ध्या अक्षराची जोडाक्षरं? तुमच्या पुस्तकात काय क्रम दिलाय?”

माझ्या पुस्तकांत इंग्रजीचा क्रम आहे. मी माझ्या वह्या, बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं आणि बाबूच्या चुका टेबलावर पसरून बसले आहे. उद्या रात्री त्यांना फोन करायचा आहे.