फुकटात आलेला शर्ट सहा पौंडांना का?

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर चॅरिटी शॉपबद्दल, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकून धर्मादाय संस्थेसाठी पैसे उभे करणाऱ्या दुकानांबद्दल, एक संदेश अधूनमधून डोकं वर काढतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘चॅरिटी शॉपना माल फुकट मिळतो. काम करणारे स्वयंसेवक, त्यांना पगार नाही. कर माफ. तरी जुन्या शर्टाला सहा पौंड! ही दुकानं गरिबांसाठी होती, आता प्रायमार्कपेक्षा महाग झालीत. चांगला माल मागच्या मागे ऑनलाइन जातो आणि पैसा साहेबांच्या पगारात. तिथे काही देऊ नका, काही घेऊ नका.’ आणि शेवटी जोडलेले हात. (प्रायमार्क म्हणजे इथलं नव्या कपड्यांचं स्वस्त दुकान.)

मी आमच्या गावातल्या एका हॉस्पिसच्या, म्हणजे मरणासन्न रुग्णांची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या दुकानात, मागच्या खोलीत, पिशव्या उपसायला जाते. त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. संदेशातलं एक वाक्य बरोबर आहे, तेही सांगणार आहे. पण आधी बाकीची.

‘माल फुकट मिळतो.’

देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत, एवढंच यात खरं. पिशवी दारात आल्यापासून शर्ट रेलवर, म्हणजे कपडे टांगायच्या दांडीवर, लागेपर्यंत जे होतं, त्यातच किमतीचं अर्धं उत्तर आहे. पिशवीत वरच्या दोन-तीन गोष्टी छान असतात. देणाऱ्याच्या लक्षात त्याच राहिलेल्या असतात. त्यांच्या खाली काखेत पिवळे पडलेले टी-शर्ट, एकटा मोजा, ओला वास मारणारा टॉवेल आणि सगळ्यावर कुत्र्याचे केस. प्रत्येक नग उजेडात धरायचा: डाग, भोक, चेन, बटणं, खिसे. पास झाला तर स्टीमर फिरवायचा, हँगरवर चढवायचा, मापाची चकती लावायची, टॅग गनने किमतीचं लेबल मारायचं आणि त्यावर कोणत्या आठवड्यात बाहेर काढला त्याचा आकडा टाकायचा. काही आठवड्यांत विकला गेला नाही, तर तो उतरवून दुसऱ्या शाखेला पाठवायचा, नाहीतर रॅगच्या गोणीत टाकायचा.

रॅगची गोणी म्हणजे वजनावर विकायचा माल. किलोमागे काही पेन्स येतात, आणि भाव पडला की रॅगवाला गाडी पाठवायलाच टाळाटाळ करतो. हे कपडे पुढे पूर्व युरोपात जातात, आफ्रिकेत जातात, पाकिस्तानात जातात. आपल्या पानिपतमध्येही परदेशातल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं विणतात. पिशवीभर कपडे देऊन ‘दुकानाला केवढं दिलं’ असं समाधान घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या कपड्यांचा मोठा हिस्सा असा किलोच्या भावाने जाऊ शकतो. तरीही तो निवडायला तेवढाच वेळ लागतो.

काही वस्तू तर धडधाकट असूनही विकता येत नाहीत. सोफ्यावर आगीसंबंधीचं लेबल शिल्लक नसेल, तर तो १९८८ च्या नियमांत बसतो हे दाखवणं कठीण, म्हणून दुकानं सहसा तो ठेवत नाहीत. विजेची वस्तू सुरक्षित आहे की नाही हे तपासायला जाणकार माणूस लागतो. लहान मुलांच्या कार-सीट आणि हेल्मेटं बहुतेक दुकानं घेतच नाहीत, कारण ती अपघातातून गेलेली आहेत की नाहीत ते बघून कळत नाही. मग लोक त्या रात्रीच्या वेळी शटरसमोर ठेवून जातात आणि विल्हेवाट लावण्याचा खर्च दुकानाच्या माथी येतो.

‘काम करणाऱ्यांना पगार नाही.’

मला नाही, हे खरं. पण सकाळी कुलूप उघडायला, गल्ला जुळवायला, सोमवारी कोणी स्वयंसेवक आला नाही तर एकट्याने दुकान ओढायला पगारी व्यवस्थापक लागतोच. एप्रिल २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. आठवड्याचे ४० तास धरले तर ४८८ पौंड ४० पेन्स. व्यवस्थापकाला याहून थोडं जास्तच मिळतं, पण किमान धरून चालू. पेन्शन आणि रजा हिशेबात घेतच नाही. संदेशवाल्यांच्या मनातली ‘नाममात्र’ किंमत दोन पौंड समजा. तेवढा एकच पगार निघायला आठवड्याला २४५ नग विकले गेले पाहिजेत. सहा पौंडांनी तेच काम ८२ नगांत होतं. भाडं, वीज, विमा, कार्ड मशीनचं कमिशन अजून धरलेलं नाही. हॉस्पिसच्या वाट्याला तोवर एक पेनीही आलेली नाही.

‘मग जास्त माल लावा, जास्त विका’ असं कोणी म्हणेल. दुकानातल्या रेलची लांबी ठरलेली असते आणि निवडणारे हात मोजके असतात. दोन पौंडांचा टॉप जी जागा अडवतो, तिथेच बारा पौंडांचा लोकरी कोट टांगता आला असता.

‘कर माफ.’

बऱ्याच अंशी खरं. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय संस्थेला बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे व्यावसायिक जागेवरच्या करात, ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते, उरलेले २० टक्केही माफ करायचे की नाही ते स्थानिक कौन्सिल ठरवते. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅटचा दर शून्य आहे. (तिथेच मिळणाऱ्या नव्या ख्रिसमस कार्डांवर मात्र नेहमीचा २० टक्के.) पण या सवलतींना अट आहे: दुकानात मुख्यतः दान आलेल्याच वस्तू विकल्या पाहिजेत आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा संस्थेच्या कामाला गेला पाहिजे. गिऱ्हाइकाला वस्तू स्वस्त मिळावी, असं त्या अटीत कुठेच नाही.

इथे गिफ्ट एडचा प्रकार समजून घ्यायला हवा, कारण किमतीच्या वादात तो कोणीच काढत नाही. पिशवी देताना तुम्ही एक फॉर्म भरता आणि पिशवीवर तुमच्या क्रमांकाचं स्टिकर लागतं. त्या क्षणी ते कपडे दुकानाचे झालेले नसतात. दुकान तुमच्या वतीने ते विकतं, आलेला पैसा तुम्ही संस्थेला दान करता आणि तुम्ही कर भरणारे असाल तर सरकार त्या दानाच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला देतं. तुमच्या वस्तू किती पौंडांना गेल्या, ते तुम्हाला नंतर कळवलं जातं. आता तुम्ही दिलेला कोट आठ पौंडांना गेला तर संस्थेला दहा मिळतात. तोच कोट दोन पौंडांना दिला तर मिळतात अडीच. घेणाऱ्याला दिलेल्या सहा पौंडांच्या सुटीची किंमत साडेसात पौंड पडली, आणि ती देणाऱ्याच्या दानातून गेली. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

टिलवर, म्हणजे गल्ल्यापाशी, घासाघीस चालत नाही, याचंही मूळ हेच. आपल्या आया जुन्या साड्यांवर भांडं घेताना बोहारणीशी तासभर हुज्जत घालायच्या. तो सौदा दोघींचा होता, नफा-तोटाही दोघींचाच. इथे काउंटरमागे उभी असलेली बाई स्वतःचं काहीच विकत नसते. ओळखीच्या माणसाला तिने भाव पाडून दिला तर ती दुसऱ्याच्या खिशातून औदार्य दाखवते. म्हणूनच आमच्याकडे किंमत कमी करायची मुभा फक्त व्यवस्थापकाला आहे आणि स्वयंसेवकाने स्वतः घेतलेल्या वस्तूची किंमत दुसऱ्याच कोणीतरी लावायची, असा नियम आहे.

‘ही दुकानं गरिबांसाठी होती.’

या वाक्यात इतिहासाचा अर्धा तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साल्व्हेशन आर्मीने लोकांकडचं टाकाऊ सामान गोळा करून ते शहरातल्या गरिबांना अगदी स्वस्तात द्यायला सुरुवात केली होती. पण आज हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावातल्या मुख्य बाजाररस्त्यावर, दिसतं ते दुकान त्या वंशातलं नाही. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झाली ती जर्मन ताब्यातल्या ग्रीसमध्ये उपासमार होत होती म्हणून. युद्धानंतर मदतीसाठी आलेल्या वस्तूंचा ढीग इतका झाला की १९४७-४८ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर १७ क्रमांकाच्या जागेत कायमचं दुकान थाटलं. पुढे जो मिटी नावाच्या व्यवस्थापकाने ते अस्सल व्यापाऱ्याच्या डोक्याने चालवलं. तिथे वस्तू विकली जायची ती तिचे पैसे करून दूरच्या भुकेल्या माणसाकडे पोचवायला. ऑक्सफर्डमधल्या गिऱ्हाइकाला स्वस्त शर्ट मिळणं हा त्यातला जोडफायदा होता.

आमच्या हॉस्पिसचंच घ्या. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाची देखभाल तिथे विनामूल्य होते, आणि इंग्लंडमध्ये प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून येणारा पैसा खर्चाच्या सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास असतो. उरलेलं देणग्या, मृत्युपत्रं, लॉटरी आणि दुकानं यांतून उभं करावं लागतं. गरज असलेला माणूस तिथे खाटेवर आहे.

तरीही गावातल्या ज्या कुटुंबाला मुलाच्या शाळेचा कोट परवडत नाही, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच आणि तो खोटा नाही. काही संस्था अशांना कपड्यांसाठी व्हाउचर देतात, काही ठिकाणी गणवेश वेगळे काढून जवळजवळ फुकट देतात. हे आणखी वाढायला हवं. सगळ्यांसाठीच भाव पाडला तर काय होतं ते मात्र मी डोळ्यांनी बघते: दुकान उघडताच जे पहिले आत येतात ते मोबाइलवर ब्रँडची किंमत तपासत येतात. दोन पौंडांचं जॅकेट संध्याकाळी व्हिंटेड या जुने कपडे विकायच्या अॅपवर वीस पौंडांना लागतं. पुनर्विक्री करणं गुन्हा नाही, त्यातही मेहनत आहे. पण तो अठरा पौंडांचा फरक शाळेच्या कोटाविना राहिलेल्या मुलापर्यंत पोचत नाही.

‘प्रायमार्कपेक्षा महाग.’

हेच ते बरोबर वाक्य. प्रायमार्क, जॉर्ज, एफ अँड एफ असं स्वस्त ब्रँडचं लेबल असलेला धुवून विटलेला टॉप नव्याच्या किमतीला टांगलेला मीही पाहिलाय आणि तो मूर्खपणा आहे. कधी मुख्य कार्यालय ‘टॉपला किमान इतके’ असा सरसकट तक्ता पाठवतं, कधी किंमत लावणाऱ्या आजोबांना ब्रँड ठाऊक नसतो. अशा वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकण्याऐवजी ती काउंटरवर नेऊन दाखवली, तर बहुधा तिथल्या तिथे लेबल बदलतं.

फक्त एक गोष्ट उलटी बघून घ्या. जुना माल महाग झाला की नवा माल अचाट स्वस्त झाला? शीन या ऑनलाइन दुकानाचा टॉप नवा कोरा चार-पाच पौंडांना घरपोच येतो. १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलांवर ब्रिटनने आयातशुल्क न घेतल्याने हा व्यापार आणखी फोफावला. तोच टॉप दोन धुण्यांनंतर आमच्या पिशवीत येतो. त्याला स्टीमर, हँगर, टॅग सगळं लोकरी कोटाइतकंच लागतं. हातात येतात फार तर दोन पौंड. असे नग जितके वाढतात तितका चांगल्या मालावर खर्चाचा बोजा जास्त पडतो. तुम्हाला खटकलेले शर्टावरचे सहा पौंड काही प्रमाणात त्या टॉपचेही आहेत.

‘चांगला माल ऑनलाइन जातो.’

जातो, आणि गेलाच पाहिजे. चेम्सफर्डच्या ऑक्सफॅममध्ये एक जुनं चिनी बायबल आलं. कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून ते २०२४ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात गेलं आणि ५६ हजार पौंडांहून जास्त किमतीला विकलं गेलं. ते पुस्तकांच्या फळीवर दोन पौंडांना ठेवलं असतं, तर फायदा पहिल्या पारखी माणसाचा झाला असता. गावातल्या फळीची मौज यामुळे कमी होते, हे मान्य. घबाड लागण्याची आशा हाच काहींचा छंद असतो.

साहेबांच्या पगाराबद्दल एवढंच: इंग्लंड आणि वेल्समधल्या संस्थांचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात आणि मोठ्या संस्थांना ६० हजार पौंडांच्या वर पगार घेणारे किती, ते जाहीर करावं लागतं. ज्या संस्थेबद्दल शंका आहे तिचं नाव टाकून बघा आणि पगार जास्त वाटला तर त्या संस्थेला देऊ नका. त्याच अहवालात दुकानांची विक्री आणि दुकानांचा खर्चही दिसेल. पौंडातला बराच भाग खर्चात जातो, हे तिथे लपवलेलं नसतं. काही दुकानं तोट्यातही चालतात आणि ती बंद करावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलं ‘देऊ नका’. व्हिंटेडवर विकायचं असेल तर खुशाल विका, वस्तू तुमची आहे. द्यायचं ठरवलंत तर धुतलेलं आणि कोरडं द्या, बुटांच्या जोड्या बांधून द्या, आणि दुकान उघडं असताना द्या. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी आणि ज्यांची कमाई करपात्र नाही त्यांनी गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही करू नये. त्या वर्षी तुम्ही भरलेला कर संस्थेने सरकारकडून घेतलेल्या रकमेपेक्षा कमी निघाला, तर फरक तुमच्याकडूनच वसूल होऊ शकतो. काउंटरवरची बाई आग्रह करेल. तिला सरळ सांगा की मी कर भरत नाही. ती पिशवी तरीही घेईल.