बक्षिसांपेक्षा काड्यांची गोष्ट भावली

दुसरीच्या वर्गाने या महिन्यात काय काय केलं ते लेखात वाचलं. धावण्यातली बक्षिसं, भित्तिपत्रक, सगळंच छान. पण मला खरी मोठी वाटली ती काड्यांची वजाबाकी. मीही याच वयाच्या मुलांना शिकवते. ४२ म्हणजे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. त्यातून १७ काढायचे तर सुट्या दोनच, त्यातून सात कशा जाणार? मूल जरा थबकतं, मग एका दशकाच्या गठ्ठ्याचं रबर काढतं आणि ओरडतं, "बाई, आता बारा झाल्या!" फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी हे असं उमगत नाही. हातात गठ्ठा सुटावा लागतो. वर्गाच्या शिक्षकांचं मनापासून कौतुक! आता दहा गठ्ठ्यांची एक मोठी जुडी बांधून शतकही असंच करून बघा.